सहा महिने, एकही खाडा नाही

थोरल्या भावाने धाकट्याला फसवलं. सौदा मी जुळवून दिला होता, म्हणजे फसवलं मलाही. पण माझं राहू दे. मी बाजारात वाढलेली बाई आहे, मला सवय आहे. धाकट्याला नव्हती.

पुण्याजवळ मोशीच्या नव्या वस्तीत एक साधं दुमजली घर आहे. बाहेर पाटी नाही, खिडक्यांना जाळ्या शेजाऱ्यांच्या आहेत तेवढ्याच. मानसिक आजारातून सावरणारी सात माणसं तिथे राहतात आणि एक संस्था ते घर चालवते. मी तिथे दिवसपाळीला असते. माझ्या कामाला कागदावर इंग्रजी नाव आहे. घरात मला सगळे ताई म्हणतात. त्याआधी बारा वर्षं मी चाकणच्या बाजारातून भाजी उचलून हातगाडीवर विकली. धाराशिवकडून इकडे आलो आणि नवऱ्याची कंपनीतली नोकरी वर्षभरात गेली, तेव्हा गाडी मीच धरली. घासाघीस मला कुणी शिकवली नाही.

या कामात पहिल्यांदा शिकावं लागलं ते हात आवरायला. सुरुवातीच्या आठवड्यात मी सगळ्यांच्या चादरींच्या घड्या घालून ठेवल्या. आमच्या मॅडमनी त्या मोडायला लावल्या. म्हणाल्या, "चादर त्यांची, घडीही त्यांचीच. तुम्ही शेजारी उभ्या राहा." मला वाटलं, नुसतं उभं राहायचा पगार असतो होय! पण एका माणसाला चहा करायला वीस मिनिटं लागत असताना त्याच्या हातातलं भांडं न घेणं, हे पोतं उचलण्यापेक्षा जड काम आहे. चार वर्षं झाली, अजून माझा हात मध्येच पुढे जातो.

धाकटा आमच्याकडे आला तेव्हा चाळिशीच्या आतला होता. जुन्या मोशी गावातलं घराणं. वडिलांनी तीन मजली घर बांधलेलं, वरच्या मजल्यावरची रस्त्याकडची खोली त्याची. आजार वाढला, वडील गेले, मग दोन वेळा इस्पितळ आणि शेवटी आमचं घर. त्याचं घर आमच्यापासून चालत पंधरा मिनिटांवर. दोन वर्षांत थोरला भाऊ दोनदा आला.

दुसऱ्यांदा आला तेव्हा मी त्याला दारातच गाठलं. धाकटा आता स्वयंपाक करत होता, एकटा बाजारात जाऊन येत होता, गोळ्या स्वतःच्या स्वतः घेत होता. त्याला परत घरी जायचं होतं. दुसरं काही त्याने कधी मागितलंच नाही.

"घरी कधी न्यायचं ते बोला," मी म्हणाले.

"ताई, न्यायला काय, न्हाई म्हनतोय का मी? पर दिवसभर घरात बसून ऱ्हाईला की पुन्हा तेच व्हतंय. कामाला लागूंदे आधी."

"किती दिवस काम केलं की नेणार?"

"वर्षभर तरी."

"तीन महिने."

"आवं भाजी हाय का ही?"

"तीन नाही तर चार म्हणा."

शेवटी सहा महिन्यांवर आला. वर एक अट घातली: मध्ये एकही खाडा पडला, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मला वर्षाचे सहा महिने केल्याचा आनंद झाला होता. त्या आनंदात मी अट मान्य केली. धाकटा शेजारीच उभा होता. भावाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "खोली तुझीच हाय, मर्दा."

बाजारात मी इसाराचे पैसे हातात घेतल्याशिवाय कुणासाठी भाजीची पाटी बाजूला ठेवली नाही. त्या दिवशी मी खोलीची किल्ली मागायला हवी होती. मागितली नाही.

निघोज्याच्या एका छोट्या कारखान्यात काम मिळालं. रबरी वॉशर मोजून पिशव्यांत भरायचे. पहिली शिफ्ट सातची, कंपनीची गाडी चौकात सव्वासहाला. पहिले चार दिवस मी पाळीच्या आधी येऊन चौकापर्यंत बरोबर गेले, पाचव्या दिवशी आमच्या घराच्या फाटकापर्यंत, मग तीही गरज उरली नाही. आमच्याकडे एक निवृत्त कंडक्टर राहतात. ते रोज पहाटे उठून त्याला दारातून सोडायचे. "चला, डबल बेल!" असं ओरडायचे आणि पुन्हा झोपायचे.

दुसऱ्या महिन्यात काहीतरी बिघडलं. आधी लहान गोष्टी दिसल्या. तो उभ्याने जेवायला लागला. मग उंबऱ्याबाहेरच्या चपला लहानापासून मोठ्यापर्यंत लावू लागला, आणि कुणी आपली चप्पल घातली की अस्वस्थ व्हायचा. कंडक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, याची गाडी रूट सोडून चालली आहे. बघा जरा."

मी त्याला भाजी निवडायला घेऊन बसले. मेथीची अर्धी जुडी होईपर्यंत काही विचारलं नाही.

"गोळ्या घेतोस?"

"शनिवारी घेतो. रविवारी सुट्टी असते."

"आणि बाकीचे दिवस?"

"रात्रीची गोळी घेतली की सकाळी डोळा उघडत नाही, ताई. एकदा गाडी चुकता चुकता राहिली. गाडी चुकली की खाडा. खाडा पडला की पुन्हा पहिल्यापासून." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हीच ठरवलं ना?"

माझा आवाज मोठा आहे, आणि राग आला की तो अजून मोठा होतो. त्या दिवशी मी ओरडले, पण दोन शब्दांतच थांबले. ओरडायचं कुणावर? कंपनीत एकशे तीन ताप अंगात घेऊन हजेरी लावणारी माणसं मी पाहिली आहेत. आमच्या पट्ट्यात खाडा न करणं हाच चांगल्या माणसाचा दाखला. मी तोच दाखला एका आजारी माणसाच्या गळ्यात बांधला होता. त्याला म्हणाले, "चूक माझी झाली. आता निस्तरूया."

त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दोघांना बोलावलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि गोळीची वेळ संध्याकाळवर आणली. मी निघोज्याला जाऊन सुपरवायझरशी भांडले. तासाभराने त्यांनी त्याला नऊच्या जनरल शिफ्टला टाकलं. तीन आठवड्यांत तो पुन्हा बसून जेवू लागला. चपला आपापल्या जागी पडू लागल्या, म्हणजे वेड्यावाकड्या. मला तो पसारा बघून बरं वाटलं.

या सगळ्यात एकही खाडा पडला नाही. सहा महिने पूर्ण झाले त्या दिवशी त्याने हजेरीची सहा कार्डं टाचणीने जोडून माझ्या हातात दिली. कपड्यांच्या दोन पिशव्या भरून झाल्या होत्या. कंडक्टरांनी त्याला त्यांची स्टीलची ताटली भेट दिली.

तारीख ठरवायला मी दुसऱ्या दिवशी एकटीच थोरल्याकडे गेले. मान वर केली आणि कळलं. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत कंपनीचे निळे शर्ट वाळत होते, दारात सेफ्टी शूजचे चार जोड. जिन्यातून एक कामगार खाली येत होता. बोलीवरून माझ्याच भागातला.

"इथं कवापासून ऱ्हायलास रे?"

"चार महिने झाले की, मावशी."

चार महिने. म्हणजे धाकटा झोपेशी झगडत गाडी पकडत होता, तेव्हाच ती खोली गेली होती.

थोरल्याने चहा मागवला. मी प्याले, राग वेगळा, चहा वेगळा. तो म्हणाला, "ताई, आता तुमीच सांगा. तिकडं त्याचं ब्येस चाललंय. सुधारलाय म्हनता. मग चालतंय ते मोडायचं कशाला?"

"हे त्याला येऊन सांगा."

"मला न्हाई जमायचं. तुमीच समजवा. तुमचं ऐकतोय त्यो."

"मी तुमचा निरोप्या नाही," मी म्हणाले, आणि उठले.

घरी येऊन त्याला खोटं सांगितलं नाही. खोली भाड्याने दिली आहे, चार महिन्यांपूर्वीच दिली आहे, का दिली ते तुझा भाऊ सांगेल, एवढंच बोलले. तो पिशव्यांपाशी गेला. मग एक उघडून शर्ट पुन्हा कपाटात लावू लागला. मी शेजारी उभी राहिले. घडी घालता घालता त्याने विचारलं, "ताई, माझं कुठं चुकलं?"

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. अजूनही जातो.

थोरल्याला मी तीनदा फोन केला. उचलला नाही. म्हणून इथे लिहिते. दादा, रविवारी दुपारी एक वाजता आम्ही जेवायला बसतो. तुमच्या घरापासून पंधरा मिनिटं चालायचं आहे. या, त्याच्यासमोर बसा, आणि जो हात त्याच्या खांद्यावर ठेवून शब्द दिलात तोच हात पुन्हा ठेवून सांगा, त्याचं कुठं चुकलं. उत्तर मला नको. त्याला द्या.