भोपळ्यामागं उतरलेला मुऱ्हाळी

सासरी असलेल्या बहिणीला सणाला माहेरी आणायला जो जातो, तो मुऱ्हाळी. या कामाला घरातलं शहाणं माणूस पाठवतात. आमच्या घरात शहाणी एकटी आई, आणि बाईमाणूस काही मुऱ्हाळी होत नाही. म्हणून मी जायचो.

बहीण शहाडला दिलेली. मी ठाण्याला मीठबंदरावर गोण्या वाहायचो. बहिणीच्या सासूचा एक कायदा होता, सून एकटी कुठं जाणार नाही. आदल्या दिवाळीला मला हिवताप भरलेला, आणायला दुसरं कुणी नाही, तर बहिणीची भाऊबीज भावाशिवायच गेली. म्हणून यंदा निघताना आईनं मला उंबऱ्यात धरून सांगितलं, "नीट आण रे बाबा. तिला एकटीला कुणी बघितलं ना, की परत म्हणून पाठवायचे नाहीत ते."

शहाडला सासूनं माझ्या हातात एक काशीभोपळा दिला. "विहीणबाईंना द्या. आणि पाव्हणं, सून दिली तुमच्या हवाली."

"भोपळा पण माझ्याच हवाली," मी म्हटलं. सगळे हसले. माझं तेच होतं. लोकांना हसवलं की मला वाटायचं काम झालं.

कल्याण स्टेशनात बायकांचा डबा वेगळा. बहिणीला त्यात बसवली आणि दाराशी उभा राहून हुकूम सोडले. "कुणाशी बोलायचं नाही. कुठली, कुणाची, काही सांगायचं नाही. आणि मी येऊन हाक मारल्याशिवाय जागचं हलायचं नाही."

"आणि तू आलाच नाहीस तर?"

"न यायला काय झालं? मुऱ्हाळी आहे मी."

दोन्ही तिकिटं माझ्या मुंडाशात खोवलेली. बाईमाणसाकडं तिकीट कशाला, हरवून बसायची! असं मी तिला बोललो पण.

मुंब्र्याला गाडी थांबली. आमच्या डब्यातला एक म्हातारा उतरला, दार उघडं राहिलं, आणि बाकाखालचा भोपळा गडगडत थेट फलाटावर. मी मागून उडी मारली. भोपळा पुढं, मी मागं. कुंपणाशी गाठला एकदाचा. छातीशी धरून वळलो तर गाडी निघालेली. बहीण गेली, भोपळा राहिला.

फलाटावरचा हमाल म्हणाला, "पुढची गाडी दिवस कलल्यावर." मी भोपळा पोटाशी धरला आणि रुळाच्या कडेनं ठाण्याच्या दिशेला चालायला लागलो. जरा चालल्यावर माझं डोकं चालायला लागलं. त्याला नेहमीच वेळ लागतो. मी तिला सांगितलंय, हाक मारल्याशिवाय हलू नकोस. म्हणजे ठाणं आलं तरी ती उतरणार नाही. थोरल्या भावाचं ऐकून मुंबईपर्यंत बसून राहील. तिथं ती कुणाला ओळखत नाही, आणि बोलायचं नाही हा हुकूम पण माझाच. जवळ तिकीटसुद्धा नाही. तिच्या रक्षणाला म्हणून जे जे केलं, त्यानंच तिचे हातपाय बांधलेले. देवाला म्हटलं, आजच्या दिवस तिला माझं न ऐकायची बुद्धी दे.

कळव्याहून होडीनं खाडी ओलांडली. ठाणे स्टेशनात पोचेपर्यंत दुपार झाली. फलाट मोकळा. बाहेर रस्त्याच्या कडेला चार कोळणी सुकी मासळी मांडून बसलेल्या. मी त्यांच्यासमोरून दोनदा गेलो. तिसऱ्यांदा हाक आली, "ओ भोपळेवाले, बोंबील घेता का?"

चौथी कोळीण माझी बहीण होती. पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, पुढ्यात टोपली. मी हसायला लागलो. मग तिच्या हाताकडं लक्ष गेलं. मासळी कापायचा कोयता तिनं मुठीत धरलेला. शेजारच्या म्हाताऱ्या कोळणीनं एकेक बोट उलगडून तो काढून घेतला. "सोड गो बाय. आला तुझा भाव."

झालेलं ते असं. ठाणं आलं, मी आलो नाही. डब्यात या कोळणी होत्या, कल्याणच्या बाजारातून परतणाऱ्या. आल्यापासून बहीण त्यांच्याशी बोलत बसलेली, म्हणजे माझा पहिला हुकूम गाडी सुटायच्या आधीच मोडलेला. त्यांनी तिला उतरवली. स्टेशनच्या दारात तिकीटबाबूनं तिकीट मागितलं. तेवढ्यात एक माणूस पुढं आला. स्वच्छ धोतर, हातात छत्री. "हिचे पैसे मी देतो," बाबूला म्हणाला, आणि हिला, "चल ताई, तुझ्या भावानंच पाठवलंय मला. बाहेर टांगा उभा आहे."

"तू काय केलंस?" मी विचारलं.

"विचारलं, भाऊ कसा आहे माझा? तर म्हणाला, मोठा हुशार माणूस, सगळी व्यवस्था करून ठेवलीय त्यानं." बहीण जरा हसली. "तेव्हाच कळलं, याची न् तुझी भेट नाही झालेली."

म्हातारीनं मग बाबूला ठणकावलं, "पोर आमच्यात हाय. भाव येल तिकीट घेऊन. तवर बसते आमच्याजवळ." बाबूनं जाऊ दिलं. तो माणूस मात्र गेला नाही. समोरच्या झाडाखाली छत्री टेकून किती तरी वेळ उभा होता. म्हणून तो कोयता.

दिवाळी झाली. पोचवायला निघालो तेव्हा बहिणीचं तिकीट तिच्या पदराला बांधलं. म्हटलं, "कल्याण आलं की उतर. मी असो नसो."

शहाडला सासूनं विचारलं, "गेल्या खेपेला नीट पोचलात ना?" बहिणीनं मान खाली घातली. खोटं बोलावं तर ठाण्याला शंभर जणांनी बघितलेलं. मी सांगून टाकलं, पण माझ्या पद्धतीनं. भोपळा कसा पळाला, मी कसा धावलो, पोटुशी बाईसारखा खांदे मागं टाकून कसा चाललो, सगळं करून दाखवलं. ओटीवर लोक पोट धरून हसले. सासू पदरानं डोळे पुसत होती. छत्रीवाला माणूस मी गोष्टीतून काढून टाकलेला. पुढं मीठबंदरावर ती गोष्ट मी कितीदा सांगितली असेल, दर वेळी त्याला वगळूनच.

पुढल्या दिवाळीला गेलो तर सासूनं सुनेचं बोचकं आधीच बांधून ठेवलेलं. मला कळेना, ही कशी काय पाठवते? कल्याण स्टेशनात बहिणीनं सांगितलं.

त्या दिवशी सगळे हसून उठले, आणि सासू भांडी घासायला हिच्या शेजारी येऊन बसली. खालच्या आवाजात म्हणाली, "भोपळ्याचं झालं. आता तो कोण होता ते सांग."

हिनं सांगितलं. सासू बराच वेळ एकच तांब्या घासत राहिली. मग म्हणाली, "मलाही एक भेटलेला. भिवंडीच्या वाटेला. तेव्हा आगगाडी नव्हती. माझ्या शेजारी कोळणी पण नव्हत्या."

मला काही विनोद सुचेना. गाडी आली. ती पदराची गाठ चाचपत बायकांच्या डब्याकडं गेली, आणि आत शिरल्या शिरल्या कुणाला तरी म्हणाली, "सरका हो मावशी, ठाण्यापर्यंत जायचंय."

मी रिकाम्या हातानं माझ्या डब्यात चढलो. भोपळा यंदा तिच्याकडं होता.