नेपाळी मामाकडं आम्ही भ्यालो

भीती असते तेव्हा माणूस गप असतं. ती गेली की मात्र त्याचं तोंड थांबत नाही! आमच्याकडं एवढे किस्से का साठले, त्याचं कारण हेच. दुष्काळाच्या त्या दोन-तीन वर्षांत लातुरात आम्ही चौघं जेवढं भ्यालो तेवढं उभ्या आयुष्यात भ्यालो नसू. आणि बहुतेक वेळा भ्यायला एकाच ठिकाणी जमलेलो होतो. नेपाळी मामाच्या हॉटेलात!

मामाचं खरं नाव धनबहादूर. त्यानं पेंटरला बोर्ड लिहायला सांगितला, 'नेपाळी मोमो'. पेंटरनं बापजन्मात मोमो ऐकलेला नव्हता. त्याला वाटलं, परदेशी माणूस आहे, बोलताना चुकला असेल. त्यानं आपल्या मनानं दुरुस्ती करून लिहिलं, 'नेपाळी मामा'! झालं. धनबहादूर गावाचा मामा झाला आणि त्याची बायको माया मामी झाली. काहीही सांगितलं की दोघं 'हजुर' म्हणायची, म्हणजे त्यांच्याकडचं 'हो जी'.

आम्ही चौघं म्हणजे मी, माझं मोबाइल रिपेरिंगचं दुकान मामाच्या भिंतीला लागूनच. मोंढ्यात आडत असलेले उदगीरचे महालिंगप्पा, म्हणजे आमचे आप्पा. रिक्षावाले गफारभाई. आणि सरकारी कचेरीतल्या क्लार्क वाघमारे मॅडम. दुपारच्या सुट्टीत कोपऱ्यातलं टेबल आमचं.

*

आप्पा गळ्यात लिंग घालणारे. अंड्याचा वास आला तरी उठून जाणारे. पहिल्या दिवशी मामीनं व्हेज मोमोची प्लेट ठेवली आणि आप्पांनी हात मागं घेतला.

"ह्याचं तोंड बंद हाय. आत काय हाय ते दिसंना. झाकलेलं खात न्हाई मी."

गफारभाई म्हणाले, "आप्पा, करंजी बी झाकलेलीच असती की!"

"करंजी माझ्या बायकोनं झाकलेली असती!"

मामी हसली नाही. तिनं समोर बसून एक-एक मोमो फोडून दाखवला. कोबी, गाजर, आलं. शेवटी भिंतीवरच्या फोटोकडं बोट करून म्हणाली, "पशुपतिनाथ. इनके सामने झूठ नहीं बोलती."

आप्पांनी चष्मा वर करून फोटो बघितला. "आरं, ह्ये तर महादेव!" हात जोडले, एक मोमो घेतला, मामीच्या लाल चटणीत पुरता बुडवला आणि तोंडात टाकला.

आप्पांचा चेहरा बघून आम्ही खरंच भ्यालो. डोळे बाहेर, कान लाल, आवाज बंद. गफारभाई तर रिक्षा काढायला धावले. दवाखान्यात न्यायचं ठरलं, तेवढ्यात आप्पांना वाचा फुटली.

"महादेवानं," ते म्हणाले, "तिसरा डोळा उघडला!"

*

त्या उन्हाळ्यात पाण्यावरून मारामाऱ्या व्हायला लागल्या. टँकरजवळ, टाकीजवळ घोळका जमवायला बंदी आली. पोलिसाची गाडी दिसली की बायका घागरी तशाच टाकून पळायच्या.

एका दुपारी मामानं मागवलेला टँकर आला. ड्रम भरायला आम्ही चौघं, मामा, मामी, असे सगळे पाइप धरून उभे. आणि गल्लीच्या तोंडाला जीप वळली!

"मर गए!" गफारभाई म्हणाले.

पाइप टाकला, आत पळालो, दिसेल त्या खुर्चीवर बसलो आणि दिसेल तो बाऊल पुढ्यात ओढला. मॅडमच्या तर नोकरीचा प्रश्न होता. सरकारी माणसावरच गुन्हा म्हणजे संपलंच.

हवालदार दारात आले. "इथं गर्दी कशाची?"

आप्पा उठले. "गिऱ्हाईक हाय सायेब! खायलोय."

हवालदारांनी एक-एक टेबल बघितलं. मॅडमसमोर थुक्पा होता, म्हणजे शेवया घातलेलं पातळ सूप. काठोकाठ भरलेलं. हवालदार वाकले, बाऊलमध्ये बघितलं, मॅडमकडं बघितलं.

"एवढं पाणी!" ते हळूच म्हणाले. "बाई, आमच्या पोलीस लाइनीत सहा दिवस झाले नळ न्हाई. एक वाटी मला बी सांगा."

*

उन्हानं जमीन भेगाळली तसे साप ओलाव्याला यायला लागले. मामाच्या ड्रमखाली कायम ओल. व्हायचं तेच झालं. जेवता जेवता माझ्या पायाला काहीतरी गार लागलं. खाली बघितलं, तर नाग!

मी नुसतं खाली बोट केलं. चौघांचे आठ पाय एकदम खुर्चीवर!

आप्पा तशातही हात जोडून म्हणाले, "मारू नका रे. देव हाय."

गफारभाई तोवर टेबलावर चढले होते. "मारतंय कोण आप्पा? मी तर पळायची जागा बघायलोय!"

नाग आपल्या मनानं ड्रमखाली गेला, थोडा वेळ गारव्याला बसला आणि मोरीतनं निघून गेला. मामी लांबून बघत होती. तो गेल्यावर म्हणाली, "बेचारा. इसको भी टँकर का टाइम मालूम है."

*

मध्येच उदगीर नवा जिल्हा होणार असं वारं सुटलं. आप्पा रोज पेपर उलटासुलटा करून वाचायचे. त्यांच्या उदगीरचा मान वाढणार होता! मॅडमना मात्र घास उतरत नव्हता. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, आणि नवी कचेरी म्हणजे बदल्या. त्यांच्या सासूबाईंचं डायलिसिस लातुरात चालू होतं. घरात दुसरं कोणी नाही.

एके दिवशी आप्पा मोबाइल नाचवत आले. "झाला! जिल्हा झाला! मामी, सगळ्यांना मोमो!"

मॅडमनी चमचा खाली ठेवला. "मी सासूबाईंना कुठं नेऊ?" एवढंच म्हणाल्या. आप्पांचा हात हवेतच राहिला.

मी मोबाइल घेऊन मेसेज बघितला. कोणीतरी उगाच फिरवलेला, खोटा निघाला. तसं सांगितलं. आप्पा मटकन खाली बसले.

"माझा जिल्हा गेला," ते म्हणाले.

"माझा जीव आला!" मॅडम म्हणाल्या.

आप्पांनी मोमोची प्लेट मॅडमकडं सरकवली. "खावा. जिल्हा ऱ्हाऊ द्या."

*

आता राहिला तो किस्सा आम्ही फार कुणाला सांगत नाही. नेपाळात भूकंप झाला तेव्हाचा.

मामा-मामीची पोर, सुस्मिता, तिकडं गोरखा भागातल्या खेड्यात आजीजवळ होती. टीव्हीवर पडलेली घरं दाखवत होते. मामा सारखा फोन लावत होता. लागत नव्हता. फोन तापून बंद पडायला लागला तसा मी तो दुकानात चार्जिंगला लावायचो, थोडा गार झाला की परत आणून द्यायचो. गॅस बंद, भांडी पालथी. मामी ड्रमला टेकून बसलेली.

वाघमारे मॅडम किल्लारीकडच्या. तिथं भूकंप झाला तेव्हा त्या शाळेत जाणारी पोर होत्या. त्यात त्यांची आई गेली. ती कशी गेली, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी त्या रजा टाकून आल्या आणि मामीशेजारी फरशीवर बसल्या. दुसऱ्या दिवशीही तशाच येऊन बसल्या.

दुपारी अनोळखी नंबर वाजला. मामीनं उचलला. पलीकडून "आमा!" एवढंच ऐकू आलं आणि मामीला असा हुंदका फुटला की तिला फोन धरवेना. मामा भिंतीला हात लावून उभा होता. त्याला पाऊल टाकता येत नव्हतं.

पोर तिकडं रडत होती, भराभरा काहीतरी सांगत होती. लाइन कधी तुटेल याचा नेम नव्हता. मॅडमनी फोन उचलला. त्यांना नेपाळी येत नाही. हिंदी चांगली येते. पण तोंडातून आली ती त्यांच्या गावाकडची मराठी.

"पोरी, ऐक. घर उभं दिसलं तरी आत जायचं न्हाई. आजीला बी जाऊ द्यायचं न्हाई. तिला धरून बस. कितीबी थंडी वाजू दे, पांघरूण आणायला म्हणून सुद्धा आत जायचं न्हाई. ऐकलं का? तिचा हात सोडू नको."

पलीकडचं रडणं थांबलं. आम्ही सगळे फोनकडं बघत होतो.

मग बारीक आवाज आला, "हजुर."