‘बदललं कधी’चा खण

“कधीचं?”

तुम्ही काहीही सांगितलंत तरी तिचा पहिला प्रश्न हाच. लिफ्ट बंद आहे म्हणा, साहेब चिडलेत म्हणा, अमक्याचं लग्न मोडलं म्हणा. ती हातातलं काम थांबवायची, दोन बोटांच्या चिमटीत हवेतच काहीतरी धरल्यासारखं करायची आणि विचारायची, “कधीचं? कुणी सांगितलं? आणि अजून खरं आहे का?”

त्या चिमटीचा उलगडा मला तिची आई भेटल्यावर झाला. आई वर्सोव्याच्या कोळीवाड्यात सुके मासे विकते. गिऱ्हाईक आलं की बोंबील चिमटीत धरून मोडून बघतं, कडकन वाजला तर ठीक, मग विचारतं, कधीचे? मुलगी त्याच वलांडीखाली, बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या मांडवाखाली, अभ्यास करून मोठी झालेली. बातमीसुद्धा ती मोडून बघायची.

अशी माणसं तुमच्याही ऑफिसात असतील. त्यांच्यासमोर गावगप्पांचा जीव जातो आणि आपण त्यांना टाळून चहाला जातो. मीही जायचो. ती मागून यायचीच.

आमचं ऑफिस अंधेरीला, मरोळच्या एका गाळ्यात. काम फीडचं. म्हणजे लहान वर्तमानपत्रं, संस्था, सरकारी खाती यांच्या बातम्या आणि सूचना एका ठरलेल्या साच्यात घालून पुढे सोडायच्या. घेणाऱ्याच्या फोनवर किंवा नाक्यावरच्या फलकावर त्या आपोआप उतरतात. साचा ठरवायचं काम आम्हा दोघांवर होतं, आणि आमचं भांडण त्या साच्याचंच होतं.

माझं म्हणणं, खण तीनच हवेत. मथळा, मजकूर आणि दुवा, म्हणजे मूळ बातमीचा पत्ता. खाली एक तारीख, बस. तिला हवं होतं, ही कुणी लिहिली, पहिल्यांदा कधी लिहिली, बदलली कधी, कधीपर्यंत लागू.

“अगं, भरणार कोण एवढं?” मी म्हणायचो.

“ज्याला खोटं बोलायचं नाही तो भरेल.”

“लोकांना वेळ नसतो गं.”

“मग वाचणाऱ्याच्या वेळेची वाट लावायची का?”

मी अगदीच चूक नव्हतो. आम्ही तिचा साचा एका साप्ताहिकाला वापरून बघायला दिला. तिथल्या उपसंपादकानं ‘कुणी लिहिली’च्या खणात प्रत्येक वेळी ‘आम्ही’ लिहिलं, आणि ‘कधीपर्यंत लागू’मध्ये स्वतःची जन्मतारीख टाकली. सगळ्या बातम्या जन्मायच्या आधीच शिळ्या झाल्या. ऑफिसभर हशा पिकला. तीही हसली, पण हसता हसता म्हणाली, “खण चुकीचा भरला म्हणून खणच काढायचा? झकास न्याय आहे तुझा, बोरिवली.”

मी बोरिवलीचा, म्हणून तिनं मला तेच नाव पाडलं होतं.

जेवतानाही हेच. माझ्या डब्यात वरण, भात, भाजी एकत्र कालवलेलं असायचं. तिच्या डब्यात चटणीलासुद्धा वेगळी वाटी. ती माझ्या डब्यात वाकून बघायची. “हे जेवण आहे की सिमेंट?”

“पोटात गेल्यावर सगळं एकच होतं ना?”

“पोटात जाईपर्यंतचं कोण बघणार रे?”

मी माणूसही तसाच आहे, कमी खणांचा. माझी बायको म्हणते, तुझ्याशी बोलणं म्हणजे नुसते मथळे वाचणं. मला ते कौतुक वाटायचं.

शेवटी माझा साचा ठरला. भरायला सोपा, तुटायला अवघड, लोकांनी पटापट उचलला. तिनं हार मानली, पण एका बाबतीत हट्ट धरला. वर्सोव्याच्या जेट्टीवर आमचा एक फलक लागणार होता. वाऱ्याचे, समुद्राचे इशारे त्यावर दिसायचे होते. “बाकी तुझं सगळं कबूल,” ती म्हणाली. “पण इशाऱ्याला ‘बदललं कधी’चा खण पाहिजे. फलक दुवा बघून ठरवतो, ही बातमी आली होती की नाही. इशारा तोच आणि आतला मजकूर बदलला, तर फलकाला वाटेल की हे आपण बघितलंय. तो घेणारच नाही.”

बरोबर होतं. मी म्हटलं, “टाकतो.”

टाकलाही. फलकानं तो कसा वाचायचा, तेवढं तिनं लिहिलं. पण काम हवाली करायच्या आदल्या दिवशी दिसलं की हा अनोळखी खण आला की इतर गिऱ्हाइकांचे जुने फलक कोरे पडतात. साहेब डोक्यावर बसलेले. मी खण काढला. नंतर नीट करून परत टाकू, तेव्हाच तिला सांगू, असं ठरवलं. मग दुसरी कामं आली. विसरलो असं म्हणणं सोयीचं आहे, पण मी विसरलो नव्हतो. तिच्यासमोर जाऊन “काढला” म्हणणं मला जड गेलं, एवढंच.

तिकडे ती घरी सांगून बसली होती. तिचा थोरला भाऊ होडीवर जायचा. वारा कसा राहील हे तो जेट्टीवरच्या म्हाताऱ्यांना विचारायचा. तिनं त्याला बजावलं, “दादा, तोंडी गोष्टींवर जाऊ नकोस. फलक बघ. काही बदललं तर त्यावर बदलेल.”

एका संध्याकाळी इशारा आला, उद्या रात्री वारा वाढेल, होड्यांनी त्याआधी परतावं. पहाटे तोच इशारा सुधारून आला, वारा सकाळीच येतोय, निघू नये. फलकानं दुवा ओळखला आणि नवा मजकूर घेतलाच नाही. जेट्टीवर म्हातारे नको म्हणत होते. भावानं फलक वाचला, म्हणाला, रात्रीपर्यंत वेळ आहे, आणि निघाला.

होडी मढच्या बाजूच्या खडकांवर फुटली. माणसं वाचली. भावाचा उजवा हात होडी आणि खडकाच्या मध्ये सापडला. त्या हातानं आता जाळं ओढता येत नाही. तो लोखंडवाल्यातल्या एका इमारतीच्या फाटकावर वॉचमन म्हणून बसतो.

बातमी ऑफिसात आली तेव्हा ती इस्पितळात होती. मी जागेवर बसलो आणि खण साच्यात परत टाकला. आमच्या साच्यात कुणी बदललं, कधी बदललं याला जागाच नव्हती. माझ्या साधेपणानं मला पूर्ण झाकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती आली, साचा उघडला, आणि खण तिथं होता. ती बराच वेळ बघत राहिली. साहेबांनी विचारलं, “इशाऱ्यांचा भाग कुणाचा?”

“माझा,” ती म्हणाली. “खण आहे. म्हणजे फलकानं तो वाचायचा कसा, ते मीच चुकीचं लिहिलं असणार.”

संध्याकाळी जिन्यात तिनं मला गाठलं. चिमूट वर आली, पण रिकामीच परत गेली.

“बोरिवली, खण तेव्हाही होता ना रे?”

“होता,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली. कुणी सांगितलं, कधीचं, अजून खरं आहे का, यातलं एकही विचारलं नाही. एवढ्या वर्षांत तिनं मोडून न बघता घेतलेली ती एकच गोष्ट. त्या महिन्यात ती नोकरी सोडून गेली.

काही आठवड्यांत फलक कोरे पडल्याच्या तक्रारी आल्या आणि मी तो खण पुन्हा काढला. आज माझा साचा इतक्या ठिकाणी चिकटलाय की त्यात काही घालता येत नाही. नवी मुलं येतात, विचारतात, “सर, यात बदलाची तारीख का नाही?” मी म्हणतो, “साधं ठेवलंय.” त्यांना ते पटतं. मी त्याच गाळ्यात, त्याच खुर्चीवर, माझ्याच तीन खणांत बसतो. नोकरी सोडावी तर साचा मागे राहतो, आणि राहावं तर रोज त्यालाच तेलपाणी करायचं.

मागच्या महिन्यात वर्सोव्याला गेलो. फलक अजून आहे. त्याकडे कुणी बघत नाही. त्याच्या खांबाला तिच्या आईनं दोरी बांधली आहे आणि दोरीवर बोंबील वाळत आहेत. मी तिथंच उभं राहून आईला सांगितलं, “तो खण नव्हता. मी काढला होता. तिची चूक नव्हती.”

आईनं हातातला बोंबील मोडला, वास घेतला, टोपलीत टाकला. “तिचा भाऊ घरात बसला तेव्हा ती इथं बसून रडायची, माझ्यामुळे झालं म्हणून. तेव्हा कुठं होतास?”

मी वर फलकाकडे बघितलं.

“मला सांगून काय होणार? तिला सांग.” ती आता दूर, दुसऱ्या शहरात आहे. आईनं नंबर दिला.

फोन लावला, तिनं उचलला नाही. मग सगळं लिहून पाठवलं. ते तिला पोचलं, तिनं वाचलंही, एवढं फोनवर दिसतं. उत्तर नाही. मी समजू शकतो. एकदा घेतलेलं पुन्हा बघायचं नाही, हा नियम माझ्याच साच्याचा. माझं ‘होता’ तिच्याकडे आधीच पोचलेलं आहे. त्याच माणसाकडून, त्याच गोष्टीबद्दल नवं काही आलं, तर ते आत कसं जावं?

तरी इथं तिच्या पद्धतीनं पुन्हा लिहून ठेवतो. खण तेव्हा नव्हता, मी काढला होता. कुणी सांगितलं? मी, बोरिवली. कधीचं? जिन्यातल्या त्या संध्याकाळचं, आज बदललेलं. अजून खरं आहे का?

हो. कधीपर्यंत लागू, तो खण मला भरता येत नाही.