झाकून ठेवलेला वाटा

माझ्या डाव्या मनगटाला कोणी धरले की आजही क्षणभर माझा श्वास अडतो. समोरचा माणूस स्नेहाने हात धरतो आणि मी तो नकळत सोडवू लागतो. लोक समजतात, मास्तरांचा स्वभाव जरा अलिप्त आहे. खरे कारण फार वर्षे कोणासही ठाऊक नव्हते.

मी दौंडच्या रेल्वे वसाहतीत वाढलो. वडील रेल्वेत होते आणि आमचे घराणे तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. संस्कृत मात्र मी शिरूरला एका वृद्ध शास्त्रीबुवांच्या ओसरीवर शिकलो. त्यांनी माझा धर्म कधी विचारला नाही आणि माझा एकही उच्चार कधी सैल सोडला नाही. पुढे मांडवगण फराट्याच्या माध्यमिक शाळेत मी तीच भाषा शिकवू लागलो. राहायला दौंडला, शाळा शिरूर तालुक्यात, आणि मध्ये भीमा. एस.टी.ने तीरापर्यंत जायचे आणि होडीने पैलतीर गाठायचा, असा माझा नेम होता.

नव्वदचे दशक अर्धे सरले होते. शाळेतील विज्ञानाचा तरुण शिक्षक मांडवगणचाच होता. वडील नव्हते, आई शेवंतीचा मळा करी. दौंडला शिक्षकांचे एक शिबिर होते म्हणून तो आमच्याकडे मुक्कामाला आला होता. सकाळी आम्ही दोघे बरोबरच परत निघालो. पावसाळा होता, पाणी गढूळ आणि तीराला टेकलेले. होडीत आम्ही सहा जण होतो आणि एका दूधवाल्याची कॅनसकट मोटारसायकल होती. त्या काळी होडीतून मोटारसायकली नेणे कोणास वावगे वाटत नसे.

पाण्याकडे पाहत तो मला म्हणाला, “सर, बुडायची वेळ आली तर ओरडायचं कशात? संस्कृतात की मराठीत?”

“मराठीतच ओरडा,” मी म्हणालो. “नावाडीमामांना तेवढंच कळतं.”

नावाडी हसला. “आवो, वरडायचं कशापायी? आजवर मी एक शेरडू बुडू दिलं न्हाई.”

पैलतीर पन्नास-साठ हातांवर असताना मोटारसायकल स्टँडवरून घसरली, कॅन एका अंगाला गेले आणि होडी कलंडली.

पुढचे मी आजवर दोनच माणसांना सांगितले आहे. येथे तिसऱ्यांदा सांगत आहे.

मला जेमतेम तरंगता येत असे. त्याला तेही येत नव्हते. उलटलेल्या होडीची कड माझ्या उजव्या हाताला लागली. त्याच क्षणी त्याने माझे डावे मनगट धरले. त्याच्या भाराने माझे तोंड पाण्याखाली गेले, वर आले, पुन्हा गेले. तेव्हा मी कडेला कोपर अडकवून उजवा हात मोकळा केला आणि त्याची बोटे माझ्या मनगटावरून सोडवली. एकेक करून सोडवली. वर्गात एखाद्या सामासिक शब्दाचा विग्रह करताना जी सावधगिरी माझ्या बोटांत असे, तीच तेव्हाही होती. मग त्याने माझ्या खांद्यावरच्या पिशवीचा बंद धरला. मी खांदा आखडून तो बंदही निसटू दिला. तो एवढेच म्हणाला, “सर.” ओरडला नाही. वर्गाच्या दारात उभा राहून हाक मारावी तसा म्हणाला.

बाकीचे वाचले. तो दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वळणाला सापडला. त्याच्या मुठीत माझ्या पिशवीचा बंद होता आणि पिशवीत मुलांच्या वह्या होत्या.

गावाने त्या बंदाचा अर्थ आपल्या परीने लावला. मास्तरांनी त्याला धरायला पिशवी टाकली, शेवटपर्यंत ओढून धरली, पाण्याच्या जोरापुढे इलाज चालला नाही, असे लोक म्हणू लागले. मी खंडन केले नाही. महिन्याभराने शाळेच्या प्रांगणात शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार झाला. पुढच्या रांगेत त्याची आई बसली होती. कार्यक्रम संपल्यावर ती जवळ येऊन म्हणाली, “मास्तर, येकटा न्हाई गेला माझा ल्योक. तुमी हुतासा.” तिने माझे दोन्ही हात धरले, आणि माझ्या पोटात जो गोळा उठला तो पुढे सात वर्षे तसाच राहिला.

ती शाल मी ट्रंकेच्या तळाशी घातली. होडी सोडली, पुलावरून लांबच्या फेऱ्याने शाळेत जाऊ लागलो. बादलीत नळाचे पाणी पडण्याचा आवाज मला सोसेना. पत्नी म्हणे, “अहो, अंघोळीला निघालात की फाशी जायला?” ती थट्टेने म्हणे आणि माझा चेहरा पाहून निमूट पंचा हातात देई. मांडवगणच्या बाजारात कोणी मागून “मास्तर” अशी हाक मारली तरी वाटे, कोणीतरी पाहिले होते. आज सांगणार. कुणी तीरावरून पाहिले होते.

आणि दरवर्षी नाताळच्या आदल्या दिवशी एस.टी.च्या टपावरून त्याच्या आईकडची शेवंतीची एक टोपली दौंडला येई. बरोबर निरोप असे: मास्तरांच्या देवाला. ती फुले आमच्या चर्चच्या वेदीवर मांडली जात, आणि त्या वेदीपाशी जाण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

याचे कारण आमच्या मंडळीतील, म्हणजे चर्चमधील, एक रीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते; प्रभूच्या स्मरणार्थ एकच भाकर मोडून सर्वांना वाटतात. भाकर मोडण्यापूर्वी पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, काही क्षण थांबतात. ज्याच्या मनात कोणाविषयी काही सलत असेल, किंवा ज्याने कोणाचा अपराध केला असेल, त्याने त्या क्षणी उठून जावे, त्या माणसाशी समेट करावा आणि मग यावे. उठून गेलेल्याचा वाटा वेदीवर पांढऱ्या फडक्याखाली झाकून ठेवतात. बहुधा माणूस घटकाभरात परत येतो. भावाभावांचे, सासूसुनांचे तंटे आमच्याकडे असे पुष्कळ मिटले आहेत. मी होडीच्या अपघातानंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनाला उठून बाहेर गेलो, चिंचेखाली उभा राहिलो आणि परत आलो नाही. नंतर महिन्यामागून महिने असेच गेले. मी मंडळीच्या कारभारी वडीलधाऱ्यांपैकी एक, शास्त्रवाचनाचा मान माझा, आणि भाकर मोडली जाताना मी चिंचेखाली असे.

प्रभूच्या ज्या शिष्याने लाटांवर पाऊल टाकले आणि तो बुडू लागला, त्याची कथा वाचण्याची पाळी एकदा माझ्यावर आली. प्रभूने हात पुढे करून त्याला धरले, या ठिकाणी माझा आवाज बंद पडला. त्या कथेत बुडणारा आहे, धरणारा आहे. सोडवून घेणारा कोणी नाही. मला त्या कथेत जागाच नव्हती. पाळकांनी पुढच्या ओळी स्वतः वाचल्या.

उपासनेनंतर ते चिंचेखाली आले. वयाने माझ्याहून थोर, बोलण्यात थोडे खट्याळ.

“सलाम, मास्तर. या झाडाला तुम्ही खत घालता का? फार वेळ इथं असता.”

मी चिंचेची एक वाळकी काडी मोडली.

“तुमचा वाटा मी अजून झाकून ठेवतो, एवढं सांगायला आलो. सोमवारी तो पाखरांना घालतो. पुढच्या महिन्यात नवा ठेवतो.”

“किती दिवस ठेवणार?”

“मी असेपर्यंत मी. मग जो येईल त्याला सांगून जाईन.”

तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी माझी समजूत घातली नाही. ‘तुम्ही तरी काय करणार होता’ असे म्हणाले नाहीत, याचे मला अजून आश्चर्य वाटते. एवढेच विचारले, “तिला सांगितलं?” मी नकारार्थी मान हलवली. “मग सांगा. मी क्षमेची प्रार्थना करीन. पण तिच्या जागी मला उभं राहता येणार नाही.”

ते मला जमले नाही. आणखी एक वर्ष गेले.

मग एका हिवाळ्यात दौंडला मोतीबिंदूचे शिबिर भरले आणि मांडवगणहून निरोप आला: त्याच्या आईचे, मावशींचे, ऑपरेशन आहे, त्या मास्तरांकडे दोन दिवस राहतील. मी पत्नीला म्हणालो, दुसरीकडे सोय पाहू. तिने माझ्याकडे रोखून पाहिले. “तिच्या पोरानं शेवटचं जेवण या घरात केलं. दुसरीकडे कुठे?”

ऑपरेशन झाले. मावशी एका डोळ्यावर पट्टी बांधून आमच्या पुढच्या खोलीत बसल्या. दुसऱ्या डोळ्याने त्यांना धूसरच दिसे. चहा घेताना पत्नीला म्हणाल्या, “बाई, साखर लई घातलीस. का डोळं दिसंनात म्हून खपवतीस?” दोघी हसल्या. मी दारातच उभा होतो.

दुपारी पत्नी औषध आणायला गेली. मावशी म्हणाल्या, “मास्तर, मोरीपर्यंत न्या जरा.” मी उजवा हात पुढे केला. त्यांनी चाचपडत डावा शोधला आणि मनगट धरले.

तीच जागा. तीच पकड, शेतात राबणाऱ्या माणसाची, लेकाने आईकडून घेतलेली. माझ्या कानात पाणी भरले. भिंत कलंडली. माझा उजवा हात आपोआप त्या बोटांकडे निघाला. तो निघालेला मी पाहिला. आणि मनात शब्द नव्हता, स्तोत्र नव्हते, जन्मभर घोकलेली एक ओळही नव्हती. फक्त ‘प्रभू, धर’ एवढे होते. मला की मावशींना, तेही कळत नव्हते. हात वाटेतच थांबला.

त्याच क्षणी त्यांनी विचारले, “मास्तर, कदी इचारलं न्हाई. शेवटाला काय बोलला वो त्यो?”

“‘सर’ म्हणाला,” मी म्हणालो. “मावशी, त्याने माझं हेच मनगट धरलं होतं. मी त्याची बोटं सोडवली. पिशवीही मी टाकली नव्हती. त्याने ती धरली, आणि मी ती सोडून दिली.”

त्यांची बोटे माझ्या मनगटावर होती. मला वाटले, आता त्या एकेक करून ती उचलतील. त्यांनी ती उचलली नाहीत, कारण उचलली असती तर त्या पडल्या असत्या. अखेर म्हणाल्या, “मोरी कुठशीक हाय?”

मी त्यांना नेले आणि परत आणले. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातचे पाणी घेतले नाही. पत्नी आल्यावर तिच्याकडून घेतले. मी अंगणात बसून राहिलो. सात वर्षे ज्याला भीत होतो ते घडून गेले होते, तरी भीती जागची हलली नव्हती. पण पोटातल्या गोळ्याला प्रथमच कड लागली. तो कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे मला समजू लागले. संध्याकाळी पत्नीलाही सांगावे असे वाटले, पण ती म्हणाली, “नका सांगू. मावशींच्या तोंडावरून कळलं.”

सकाळी पट्टी सुटली. मावशींनी नव्या डोळ्याने माझा चेहरा पुष्कळ वेळ पाहिला.

“मला वाटलं हुतं, त्येच्या संगं कुनी हुतं,” त्या म्हणाल्या. “त्येच्यावर मी जगलेय मास्तर, इतकी वर्सं.”

“होय.”

“माफी तुमच्या द्येवाजवळ मागा. माझ्याजवळ हाय का न्हाई, मला ठावं न्हाई.”

स्टँडवर एस.टी.ची पायरी उंच होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि पुन्हा माझे मनगट धरून वर चढल्या. मागे वळल्या नाहीत.

पुढच्या पहिल्या रविवारी पाळक थांबले, तेव्हा मी उठलो नाही. माझी पाळी आल्यावर त्यांनी वेदीवरचे पांढरे फडके बाजूला केले. डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवून भाकर घ्यायची, अशी आमची पद्धत. माझे हात दोनदा पुढे होऊन मागे आले. ते थांबले. बुडणाऱ्या शिष्याच्या त्या कथेतील आपली जागा मला तिथे दिसली. होडीची कड धरून तीराला लागलो त्या दिवसापासून मी बुडतच होतो, आणि माझी बोटे कोणी सोडवली नव्हती.

त्या नाताळला टोपली आली नाही. वेदीवर बाजारची फुले होती. नाताळ झाल्यावर चौथ्या दिवशी मी एकटाच एस.टी.ने नदीवर गेलो. नावाडी म्हातारा झाला होता. त्याने मला ओळखले आणि काही न विचारता बसायला फळी पुसून दिली. पाणी शांत होते. मी दोन्ही हातांनी कड धरली, डोळे मिटले नाहीत, आणि पैलतीर येईपर्यंत एकच प्रार्थना इतक्या वेळा म्हटली की तिचे शब्द झिजून गेले.

मावशी मळ्यात होत्या. माझ्याकडे पाहिले, पुन्हा फुलांकडे पाहिले. मी बांधावर उभा राहिलो. ऊन तापू लागले तरी त्या खुडतच राहिल्या. शेवटी त्यांनी एक रिकामी टोपली पायाने माझ्याकडे सरकवली.

“आलायसा तर खुडा,” त्या म्हणाल्या. “आन् देठ लांब ठ्येवा. तुमच्या द्येवाला काय, आखूड फुलं चालत्यात?”