आरशासाठी पाणी

बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरची बाटली मागताना आजही माझी मान आपोआप खाली जाते.

पन्नाशी उलटल्यावर मला आकाश पाहण्याचा नाद लागला. त्या दुष्काळी उन्हाळ्यात, पाटोद्याजवळच्या गावी, एका सकाळी मी दुर्बिणीतला आरसा बाहेर काढून अंगणात बसलो होतो. त्यावर धुळीचा पिवळसर थर साचला होता. शेजारच्या सोजरबाई मेंढ्या राखत. दूध संस्थेने पाठवलेल्या पाण्याच्या टँकरवर रांग लावून भरलेली कळशी घेऊन त्या परतत होत्या. मी काय करतो आहे ते विचारून त्यांनी ती कळशी माझ्यापुढेच टेकवली.

“काच आंधळी झाली म्हणता, तर धुवा की सर. लाजताय कावून?”

या पाण्यातल्या क्षारांचे डाग आरशावर पडतील, त्याला डिस्टिल्ड वॉटरच लागते, एवढेच मला सांगायचे होते. संकोचाने तोंडून निघाले ते वेगळेच. “नको, तुमचं पाणी चालणार नाही.”

त्यांचा हात कळशीवरून मागे गेला. “आमचं पानी चालत न्हाई व्हय?”

त्या शब्दांचा गावात काय अर्थ होतो, हे मला तेव्हा उमगले. मी क्षारांविषयी काहीबाही पुटपुटलो.

“मंग पिऊन दावा.”

मी ओंजळ पुढे केली आणि ते मचूळ पाणी घटाघटा प्यायलो. त्यांचा चेहरा खुलला.

“लई तहान लागलती की सर!” असे म्हणत त्यांनी आणखी ओतले. मी तेही प्यायलो. हलकी झालेली कळशी कमरेवर घेऊन त्या हसत घराकडे गेल्या.

तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. आता आठवते ते इतकेच, की त्यांनी रांग लावून आणलेले ते पाणी मी प्यायलो तेव्हा मला तहान मुळीच नव्हती.