बोटींचं बोलणं सांभाळणारा धर्मेश

आमच्या नवापूरच्या मच्छीमार सोसायटीत एकदा भांडण झालं, ते मी खिडकीखाली वाळत घातलेले बोंबील उलटताना ऐकलं. एका बाजूला चेअरमन दिपेश, दुसऱ्या बाजूला शेजारचा धर्मेश. धर्मेश तारापूरच्या कारखान्यात जन्मभर वायरमन होता. लग्न केलं नाही, म्हणून उरलेला राग सोसायटीवर काढायचा.

"मासळी कुटं लागली ते आपली बोट फोनच्या ग्रुपमधी टाकते," धर्मेश म्हणत होता, "आन आपल्या आधी परकी बोट तितं जाळं टाकून बसते."

"मंग फितूर कोन ते शोध."

"फितूर कोन नाय. फॉरवर्डचं बटन हाय, अंगठा आपोआप पडतो. आपला सोताचा सर्व्हर ठेवू, निरोप सांभाळनारं मशीन. आपलं बोलनं आपल्या घरात."

"काका, फुकट मिलतंय ते सोडून मशीन कशाला?"

"बायकोशी बोलायचं तर नाक्यावर उभा राहून बोलतोस काय?"

"तिच्याशी मी बोलतच नाय," दिपेश म्हणाला.

यावर आतले सगळे हसले, आणि हसण्याच्या भरात मशीन मंजूर झालं. बोईसरहून एक जुना कॉम्प्युटर आला. तो सोसायटीच्या मागच्या खोलीत बसला आणि त्याला लागणारं सगळं धर्मेश व्हिडिओ बघून शिकला. बोटीवाले फोनवर लिहायचे, काय लागलं, कधी परततो. आम्ही बायका त्यावरून बर्फ आणि टेम्पो सांगायचो. बाहेरच्याला अक्षर दिसत नसे.

मशीनला अधूनमधून नवं करावं लागतं, त्याला अपग्रेड म्हणतात. धर्मेश म्हणायचा, होडीची फळी बदलायची तर होडी पाण्याबाहेर हवी. म्हणून हे काम फक्त मासेमारीच्या पावसाळी बंदीत, बोटी किनाऱ्याला ओढल्या की. विचार चांगला होता. पण बंदी आली की धर्मेश पत्ते खेळायला बसायचा. अशा कितीतरी बंद्या गेल्या.

यंदा फोनमधलं ॲपच आपोआप नवं झालं आणि म्हणायला लागलं, तुमचा सर्व्हर जुना आहे, मी उघडणार नाही. दिपेशने सभेत सांगून टाकलं, "नारली पुनवेच्या आत चालू झालं तर बरं. नायतर मशीन भंगारात."

धर्मेशचं तोंड उतरलं. ते मशीन गेलं असतं तर गावात त्याला विचारायला कुत्रं आलं नसतं, हे त्याला माहीत होतं. त्याने घाईने सगळ्या वर्षांचं अपग्रेड एका दमात केलं. मशीन बसलं ते बसलंच. जुनं बोलणंही गेलं.

घाबरायचं कारण नव्हतं, कारण धर्मेश दर सोमवारी सगळ्याची प्रत एका डबीएवढ्या डिस्कवर घेऊन चिंचणीला बहिणीकडे, सुलूकडे, ठेवायचा. नवापुरात पाणी शिरलं तरी ती प्रत राहावी म्हणून. चिंचणीलाही समुद्रच आहे, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. डिस्का दोन. एक द्यायचा, दुसरी परत आणायचा. आणलेली तशीच पिशवीत, खुंटीला. आणि पिशवी तीच, जिच्यातून सुलूला खारट सुकट न्यायचा.

घरची डिस्क काढली तर पावसाच्या ओलीने तोंडाला हिरवा गंज. मीठ खाऊन बसली होती. एवढ्या वर्षांत एकदाही प्रत उघडून बघितली नव्हती त्याने. मग रिक्षाने चिंचणीला पळाला. मीही गेले, म्हटलं रडला तर कुणीतरी हवं.

"सुलू, डबी कुटं?"

"देवाजवल."

"देवाजवल कशाला?"

"हलू धर म्हनतोस, खाली ठेवू नको म्हनतोस. मना वाटलं देवाचंच कायतरी."

डिस्कला हळद, कुंकू, वर वाळकं झेंडूचं फूल. धर्मेशने पिन लावायच्या भोकातलं कुंकू फुंकून काढलं. सोसायटीत येऊन मशीनला लावली, तर चालू.

"पयल्यांदाच देव कामाला आला," फोनवर तो बहिणीला म्हणाला.

"देव नाय, मी," सुलू म्हणाली.

या खेपेला तो एकेका वर्षाचं अपग्रेड करत पायरी पायरीने चढला. प्रत्येक पायरीला थांबायचा, बघायचा, पुढे जायचा. पत्त्यांचा डाव दाराशी येऊन बोलवून गेला, उठला नाही. पुनवेच्या आत मशीन सुरू झालं आणि दिपेशने भंगारवाल्याला परत पाठवलं.

पण नव्या मशीनमध्ये प्रत्येकाला फोनवर परत नाव घालून शिरावं लागणार होतं. धर्मेश घरोघर फिरला, प्रत्येक घरी शिव्या देऊन चहा प्यायला. तोवर बोटी पाण्यात गेल्या. माझा फोन शेवटचा राहिला होता, आणि धर्मेशचंही ते शेवटचं काम. दुसऱ्या सकाळी तो उठलाच नाही, झोपेतच गेला. आता मशीन सोसायटीत हिशेब लिहिणारी हेमाली बघते, ती शिव्या कमी देते.

आदल्या संध्याकाळी तो माझ्या फोनसाठी आमच्या ओट्यावर येऊन बसला होता.

"वयनी, पासवर्ड काय होता?"

"आठवत नाय."

"मागच्या टायमालाबी नव्हता आठवत."

नवा घातला, माझ्याकडून दोनदा लिहून घेतला, कुणाला सांगू नको म्हणाला. चहात साखर कमी म्हणून कुरकुरला आणि बशीत ओतून सगळा प्यायला. फोन उघडला. आत माझ्या नातवाचं, सुजीतचं, बोटीवरून आलेलं होतं: पापलेट नाय, बर्फ कमी मागवा.

धर्मेशने फोन माझ्या हातात दिला, चपला घातल्या.

"दार लाव," म्हणाला, "मांजर येल," आणि गेला.