फोटोत न आलेली बाजू

चैत्रातल्या हळदीकुंकवाआधी आमच्या मिसरोदच्या कॉलनीत एक म्हातारे चूडीवाले यायचे. हिंदी मुलखातल्या त्या कॉलनीत आमची पाच-सहा मराठी घरं, तेवढ्यासाठी ते जुन्या शहरातून काचेच्या हिरव्या बांगड्यांची पेटी सायकलला बांधून आणत. बांगडी भरताना हात दाबून लहान करावा लागतो, तो दुखतो. शेवटची एक बांगडी ते आपल्याकडून, पैसे न घेता घालत आणि बायका त्यांना वाकून नमस्कार करत. ही आपली मराठी रीत.

या चैत्रात आमच्या दारात ते माझ्या दहा वर्षांच्या मुलीला बांगड्या भरत होते. समोरच्या इमारतीतून कुणीतरी फोटो काढला. मुलीचं मनगट त्यांच्या मुठीत, तिचा चेहरा वेडावाकडा. शेजारीच बसलेली माझी बायको फोटोत आलीच नाही. संध्याकाळपर्यंत तो कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता : ‘बच्चा चोर, सावधान.’

मी मंडीदीपहून कामावरून घरी येताना बसमध्ये तो पाहिला. लगेच लिहिलं, ही माझी मुलगी आहे, हे बांगड्या भरताहेत, आई शेजारी आहे. ग्रुपमध्ये दोनशेच्या वर माणसं. माझ्या खुलाशाला सहा अंगठे आले, त्यातला एक बायकोचा. मूळ फोटो तोवर कुठल्या कुठे गेला होता. ग्रुप चालवणाऱ्या गृहस्थांना फोन केला, म्हटलं, तो काढून टाका.

“भाईसाहब, आप तो बड़े सीधे हो,” ते हसले. “सावधान रहने में क्या जाता है?”

दुसऱ्या दिवशी एका स्थानिक वाहिनीने तोच फोटो दाखवला. मुलीचा चेहरा पुसट केला होता, त्यांचा नाही. खाली लिहिलं होतं, ‘कौन है यह शख्स?’ प्रश्नचिन्ह टाकलं की खात्री करायची जबाबदारी उरत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी वाहिनीला फोन केला. बातमी झाली, आता काही करता येणार नाही, म्हणाले.

त्याच आठवड्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला, करोंदकडच्या एका वस्तीत लोकांनी चूडीवाल्यांना त्या फोटोवरून ओळखलं. पेटी फोडली, उजवा हात मोडला. ही बातमी कुठेच आली नाही. त्यांच्या मुलाने फोनवर सांगितली म्हणून आम्हाला कळली.

श्रावणात बायकोने निरोप पाठवला. ते आले, पण फाटकाच्या आत येईनात. उजवा हात नीट मिटत नव्हता.

“अंदर आइए ना, चाचा.”

“यहीं ठीक है, भाभी.” त्यांनी बांगड्या फाटकाच्या कट्ट्यावर मांडल्या. “बिटिया को आप ही पहना दीजिए.”

बायकोने प्रयत्न केला. दुसरीच बांगडी फुटली, मुलीच्या मनगटावर ओरखडा उठला. ते बघत राहिले. त्यांचा डावा हात पुढे आला आणि अर्ध्यातच थांबला.

“अंगूठा अंदर दबाइए,” एवढंच म्हणाले.

कशाबशा चार चढल्या. पाचवी, आपल्याकडून द्यायची, त्यांनी कट्ट्यावरच ठेवली. मुलगी रीतीप्रमाणे वाकायला पुढे झाली, तसे ते झटकन मागे सरकले.

“नहीं बेटा,” ते म्हणाले, आणि त्यांनी समोरच्या इमारतीकडे वर पाहिलं. “कोई देख रहा होगा.”